फाइलवर ‘पॅलिएटिव्ह’ लिहिले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

वाचकाचे पत्र:

मी ऐरोलीला राहते. वय ६१. ठाण्याच्या एका शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवले. चार वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, केमो, लाइट (किरणोपचार) सगळे पार पडले. या वर्षी कंबर दुखू लागली म्हणून तपासण्या केल्या, तेव्हा आजार मणक्यात आणि डाव्या खुब्यात उतरल्याचे कळले. आता रोजची एक गोळी आणि हाडांसाठी महिन्याचे इंजेक्शन चालू आहे. गेल्या खेपेस डॉक्टरांनी केसपेपरवर ‘पॅलिएटिव्ह केअर’कडे पाठवावे असे लिहिले. मुलाने ते वाचून फाइल माळ्यावर ठेवून दिली आणि “तिकडे शेवटचे लोक जातात, आई, आपल्याला नाही जायचे,” एवढेच म्हणाला. यजमान काही बोलत नाहीत. रात्री दुखणे वाढते, तेव्हा मी केमिस्टकडून आणवलेली डायक्लोफेनॅकची गोळी घेते, कधी दोन. शेजारच्या वहिनी म्हणतात, तिथे गेले की मॉर्फिन देतात, माणूस गुंगीत राहतो आणि त्याची सवय लागते. डॉक्टरांनी खरेच हात टेकले का? मला सर्व माहीत आहे, हे मुलाला कसे सांगू? आणि शेवटी मला नळ्या लावून मशीनवर ठेवू नये, असे आताच लिहून ठेवता येते का? जानेवारीत माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा आहे. तिथे दोन तास बसता यावे एवढीच इच्छा आहे. (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर:

बाई,

तुमच्या विद्यार्थ्यांनी ज्या नावाने इतकी वर्षे हाक मारली, त्याच नावाने मीही तुम्हांला संबोधते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्यावाचून पुढचे काही तुमच्याने नीट वाचवणार नाही. नाही, डॉक्टरांनी हात टेकलेले नाहीत. याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे: कर्करोगावरची रोजची गोळी चालू आहे आणि हाडांचे इंजेक्शनही चालू आहे. (या इंजेक्शनच्या काळात दात काढण्याची वेळ आली, तर दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना जरूर विचारा, जबड्याच्या हाडाला त्यामुळे इजा होऊ शकते.) तुमच्या डॉक्टरांनी एवढेच ओळखले आहे की, ते स्वतः आजाराला आवर घालण्याच्या कामात असताना त्या आजाराने तुमचे जे हाल चालले आहेत त्यांकडे लक्ष देणारे आणखी कोणीतरी हवे. हे ओळखणारा डॉक्टर लाभणे मी चांगले लक्षण मानते.

मुलाची समजूत कुठून आली असावी, तेही सांगते. हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर या दोन गोष्टी आपल्याकडे एकच समजल्या जातात. हॉस्पिस ही आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांना राहण्यासाठी असलेली जागा. वांद्र्याचे १९८६ साली सुरू झालेले ‘शांती आवेदना सदन’ हे भारतातील पहिले हॉस्पिस, आणि मुंबई-ठाण्याच्या लोकांच्या मनात या विषयाचे जे चित्र आहे ते बरेचसे अशा जागेचेच आहे. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, ही त्याहून पुष्कळ व्यापक गोष्ट आहे. ती आजाराच्या निदानापासून केमोच्या बरोबरीने घेता येते आणि बहुतेक वेळा बाह्यरुग्ण विभागात किंवा घरीच दिली जाते. बोस्टनमधील एका रुग्णालयात फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पहिल्यापासून ही सेवा दिली गेली. त्यांचे मन कमी खचले, दिवस बरे गेले आणि अखेरच्या काळात त्रासदायक उपचार त्यांच्या वाट्याला कमी आले. इतकेच नव्हे, तर त्यांचे आयुष्यही काही महिन्यांनी अधिक निघाले. तुमचा आजार वेगळा आहे, म्हणून आयुष्य वाढेल असे वचन मी देत नाही. पण ‘तिकडे गेले की लवकर संपते’ हा समज मात्र खोटा आहे, हे मी खात्रीने सांगते.

मी अठरा वर्षे परिचारिका म्हणून अशा रुग्णांच्या घरी जात असे. कळव्यापासून नेरुळपर्यंतचे जिने मला पाठ आहेत. त्यांतील एक घर तुमच्यासाठी इथे उघडते. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतले एक काका, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये आयुष्यभर पोती वाहिलेले, तोंडाच्या कर्करोगाने आजारी होते. गालाला बाहेरून जखम फुटली होती आणि तिला वास येत असे. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच आपली खाट जाळी लावलेल्या गॅलरीत नेली, दार लोटून घेतले आणि नातीला आत यायची बंदी केली. वेदनेबद्दल विचारले की ते मान हलवून नाही म्हणत. पहिल्या भेटीत आम्ही कर्करोगाबद्दल एक शब्दही काढला नाही. जखम धुतली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून जखमेवर पसरली, वर पट्टी बांधली आणि हे रोज कसे करायचे ते सुनेला दाखवले. जंतुसंसर्गामुळे येणारा वास या साध्या, स्वस्त औषधाने पुष्कळ कमी होतो. पुढच्या आठवड्यात गेलो, तेव्हा खाट आतल्या खोलीत आली होती आणि नात तिच्या कडेला बसून पाढे म्हणत होती. त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा कबूल केले की रात्रभर दुखते. गाठ तेवढीच होती, आजारही तोच होता. पण माणूस घरात परत आला होता. उपशामक सेवा काय करते असे कोणी विचारले की मला तो लोटलेला दरवाजा आठवतो.

आता तुमच्या दुखण्याकडे येते. ही सेवा आजच्या रूपात उभी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाची भीती, घरच्यांची काळजी, पैशाची ओढाताण आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न हे सर्व मिसळलेले असते, असे त्यांनी रुग्णांशेजारी बसून त्यांचे बोलणे ऐकता ऐकता मांडले. तुमची कंबर रात्री अधिक दुखते, यात हाडांचा भाग आहेच. पण सगळे घर निजलेले असताना माळ्यावरची ती फाइल तुम्हांला एकटीलाच दिसत असते, याचाही त्यात वाटा आहे, असे तुमचे पत्र वाचताना मला वाटत राहिले.

तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा टाचणवही ठेवणे तुम्हांला नवे नाही. तशीच एक वही आजपासून दुखण्याची ठेवा. दुखणे शून्य ते दहा यांपैकी कितीवर आहे, ते कुठून निघते आणि कुठे जाते, ठणकते की चमक मारते, कोणत्या हालचालीने वाढते, कोणत्या गोळीने किती तास थांबते आणि झोप किती वेळा मोडली, एवढे दिवसातून तीन-चार वेळा टिपून ठेवा. “फार दुखते” या दोन शब्दांवरून डॉक्टरांना औषध बेतता येत नाही. या वहीवरून येते. केमोनंतर तळहात-तळपायांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर तेही लिहा, कारण नसांच्या दुखण्याची औषधे वेगळी असतात.

डायक्लोफेनॅक मात्र अशा रीतीने, मनाने आणि एका वेळी दोन, घेऊ नका. ही गोळी हाडांच्या दुखण्यावर चालते हे खरे आहे, पण दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. किती दिवसांपासून घेत आहात ते डॉक्टरांना न लपवता सांगा. शेजारच्या वहिनी ज्या औषधाला भितात, ते योग्य मात्रेत घेतल्यास जठराला किंवा मूत्रपिंडाला अशी इजा करत नाही, आणि आपण बिनघोर गिळतो ती गोळी करते, ही गोष्ट मला अजूनही प्रत्येक घरात समजावून सांगावी लागते. (मूत्रपिंडे आधीच कमजोर असतील तर मॉर्फिनची मात्रा बदलावी लागते, म्हणून रक्ताचा अहवाल सोबत न्या.)

मॉर्फिनविषयी, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या अफूपासून मिळणाऱ्या औषधाविषयी, थोडे सविस्तर लिहिते. तुम्हांला ते लागेलच असे नाही. पण लागले तर नकार भीतीपोटी दिला जाऊ नये. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळाकडे पाहून घ्यायची असते. दुखण्याची वाट पाहून नव्हे. सुरुवात लहान मात्रेने होते आणि दुखणे किती उतरले ते पाहून ती वाढवली जाते. पहिले दोन-चार दिवस गुंगी येते, काहींना मळमळते, आणि मग बहुतेकांची ही गुंगी ओसरते. पुष्कळ दिवस जागरणे झालेला रुग्ण दुखणे थांबल्यावर ढाराढूर झोपतो, तेव्हा घरचे घाबरतात. ती झोप कित्येकदा थकव्याची असते. मात्र हाक मारूनही माणूस जागा होत नसेल किंवा श्वास फारच संथ झाला असेल, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू झाले पाहिजे. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा. आपल्या घरोघरी असणारे इसबगोल येथे उपयोगाचे नाही, उलट पाणी कमी प्यायले गेले तर त्रास वाढतो. व्यसनाचे म्हणाल, तर कर्करोगाच्या वेदनेसाठी वैद्यकीय देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागणे विरळा आहे. शरीर त्याला सरावते, त्यामुळे ते एकदम बंद करायचे नसते, हळूहळू उतरवायचे असते. पण सरावणे वेगळे आणि व्यसन वेगळे. आणि आता घेतले तर पुढे चालणार नाही म्हणून ते ‘राखून’ ठेवायची गरज नाही, कारण पुढे दुखणे वाढले तर मात्राही वाढवता येते.

हे औषध कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही, यामुळेही लोकांची शंका बळावते. त्याचे कारण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात आहे. त्या कायद्याचे परवाने इतके किचकट होते की पुढची तीस वर्षे बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले आणि एक अख्खी पिढी ते लिहून द्यायला न शिकताच डॉक्टर झाली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच परवान्यावर ते ठेवण्याची सोय झाली. या दुरुस्तीसाठी केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षे खटपट केली. त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर वाटतो.

गोळ्यांखेरीज आणखी एक उपाय तुमच्या बाबतीत जरूर विचारा. खुब्यातील ठरावीक जागी दुखत असेल तर तेवढ्याच जागेला लाइट देता येतो, आणि हाडाच्या दुखण्यासाठी अनेकदा एकाच दिवशी ८ ग्रेची (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) एक मात्रा पुरते. वेदना कमी होण्याच्या दृष्टीने ती दहा दिवसांच्या फेऱ्यांइतकीच उपयोगी पडते. मागच्या वेळचे महिनाभराचे हेलपाटे आठवून ‘पुन्हा लाइट नको’ म्हणू नका. फरक पडायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि पहिले एक-दोन दिवस दुखणे थोडे वाढूही शकते.

एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. पायांतली शक्ती कमी वाटली, पाय लटपटू लागले, कमरेखाली बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठायचे. मणक्यातील आजाराने मज्जारज्जूवर दाब आल्याचे ते लक्षण असू शकते आणि तिथे काही तासांच्या विलंबाने कायमचे पाय जातात.

मुलाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, कारण हा प्रसंग माझ्या घरातही घडला आहे. माझ्या थोरल्या बहिणीला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा आम्ही भावंडांनी तिला “पोटात सूज आहे” असे सांगितले, आणि ठाण्यातल्या ज्या रुग्णालयात ती होती तिथल्या डॉक्टरांनीही आमच्या सांगण्यावरून तेच तिला सांगितले. मी स्वतः परिचारिका. तरीही गप्प राहिले. शेवटचे नऊ दिवस ती अतिदक्षता विभागात होती आणि भेटायची वेळ दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे. ती गेल्यावर तिच्या उशीच्या अभ्र्यात बँकेची पासबुके, लॉकरची किल्ली आणि मुलीच्या नावे लिहिलेली दागिन्यांची यादी सापडली. यादीवर दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती. तिला सारे ठाऊक होते. ती आम्हांला जपत होती आणि आम्ही तिला, आणि त्या जपण्यात दोन महिने कोणीच कोणाशी खरे बोलले नाही.

म्हणून तुमच्या मुलाचा राग धरू नका, पण त्याला या खोलीत एकटा सोडूही नका. तो फाइल तुमच्यापासून लपवत नाही, स्वतःपासून लपवतो आहे. ज्या दिवशी दुखणे बरे असेल त्या दिवशी, शक्यतो सुट्टीच्या सकाळी, यजमानांनाही जवळ बसवून त्याला शांतपणे सांगा: “माळ्यावर काय आहे ते मी वाचले आहे. आजार हाडांत गेला आहे आणि तो पुरता जाणारा नाही, हे मला माहीत आहे. मला त्याची जेवढी भीती वाटते, त्याहून तू माझ्याशी बोलत नाहीस याचा त्रास जास्त होतो. मी उपचार सोडत नाही. मला रात्रीची झोप हवी आहे, म्हणून तिथे जायचे आहे आणि तू बरोबर यावेस असे वाटते.” शब्द तुमचे तुम्ही घाला, या विषयात तुम्हांला कोणी शिकवायला नको. तो कदाचित उठून जाईल. जाऊ द्या. बहुतेक मुले संध्याकाळपर्यंत परत येऊन बसतात, आणि मग तुम्हांला वाटले होते त्याहून कितीतरी अधिक प्रश्न विचारतात. तरीही त्याला अवघड जात असेल, तर पहिल्या भेटीत डॉक्टरांनाच सांगा की, जे बोलायचे ते मला आणि मुलाला एकत्र बसवून बोला. उपशामक सेवेतील डॉक्टर आणि समुपदेशक हे काम रोज करतात. यजमानांनाही त्यात धरा. जे बोलत नाहीत, त्यांना काही विचारायचे नसते असे नाही.

मशीनवर न ठेवण्याबद्दल: होय, असे लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये असे इच्छापत्र वैध ठरवले आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून ते साक्षांकित करून घेता येते. तुमच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्या व्यक्तींची नावे त्यात लिहायची असतात. तुम्ही स्वतः निर्णय सांगू शकता तोवर या कागदाचा प्रश्नच येत नाही, आणि तो अमलात आणताना डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत घ्यावे लागते, त्यामुळे कोणी घाईने काही करील ही भीती नको. पण हा कागद मुलाशी बोलण्याआधी करू नका. तो त्याच्या हाती अचानक पडला, तर माळ्यावरच्या फाइलसारखीच त्याचीही गत होईल.

कुठे जावे? तुमच्या डॉक्टरांनी ज्या विभागाचे नाव लिहिले असेल तिथेच प्रथम जा, कारण तुमचे सर्व कागद तिथे आहेत. टाटा स्मारक रुग्णालयाचा उपशामक विभाग परळला आहे, आणि टाटाचे खारघरचे केंद्र तुम्हांला ठाणे-पनवेल गाडीने सरळ पडते. मात्र आता तुमच्या मणक्याला लोकलची धक्काबुक्की सोसणारी नाही, तेव्हा गाडी करूनच जा आणि खड्ड्यांवरून सावकाश न्यायला सांगा. पहिल्या भेटीला केसपेपर, स्कॅनचे अहवाल, सर्व गोळ्यांची पाकिटे आणि ती वही सोबत असू द्या. घरी येणारे पथक आहे का, ते ऐरोलीपर्यंत येते का आणि रात्री अडचण आली तर फोन कोणाला करायचा, हे तीन प्रश्न तिथून निघण्यापूर्वी विचाराच.

तिथे बहुधा तुम्हांला विचारतील की तुम्हांला काय करता यायला हवे आहे. तेव्हा संकोचाने “दुखणे कमी व्हावे, बाकी काही नाही” असे म्हणू नका. जानेवारीतल्या स्नेहमेळाव्याची तारीख सांगा, दोन तास खुर्चीत बसायचे आहे असे सांगा, घरातून उतरताना किती पायऱ्या आहेत तेही सांगा. दुखण्याच्या औषधाच्या नेहमीच्या मात्रेखेरीज अशा वेळेसाठी वेगळी जादा मात्रा लिहून देण्याची पद्धत आहे. ती निघण्यापूर्वी साधारण अर्धा तास घ्यायची असते. लाइटचा उपयोग व्हायला वेळ लागतो, म्हणून ही भेट डिसेंबरवर ढकलू नका. पाठीला टेकण असलेली, हातांची खुर्ची मुलांनी पहिल्या रांगेच्या कडेला ठेवावी, म्हणजे मध्येच उठून चार पावले चालता येईल, आणि कमरेमागे ठेवायला घरची छोटी उशी मुलाच्या हातात द्या.